न वाचलेला नंबर

पंचशील म्हणताना बाबाराव नगराळेचा आवाज चौथ्या ओळीला गायब व्हायचा.

पहिल्या ओळीला गायब झाला असता तर कुणी समजून घेतलं असतं. पहिलं शील जीव न घेण्याचं, आणि बाबाराव फौजेतला दुर्बिणीच्या बंदुकीचा नेमबाज. चारशे वारांवरून माणूस टिपलेला. त्याने अडखळायचं तर तिथं अडखळावं. पण नाही, पहिलं शील तो खणखणीत म्हणे. लढाईतलं लढाईत राहिलं, आता मुंगीसुद्धा मारणार नाही, एवढं साधं गणित त्यानं स्वतःपुरतं सोडवून टाकलं होतं. चोरीचं आणि परस्त्रीचं शील म्हणायला त्याला काहीच अडचण नव्हती. मग खोटं न बोलण्याचं यायचं, 'मुसावादा वेरमणी', आणि बाबारावाचे ओठ नुसते हलायचे. पाचव्याला, म्हणजे दारूच्या शीलाला, आवाज परत यायचा तो दुप्पट जोरानं, कारण बायको शेजारीच बसलेली असायची.

छप्पन साली नागपूरला जाऊन त्यानं दीक्षा घेतली. तिथं त्या लाखोंच्या गर्दीत कुणाचा आवाज कुठं गेला, कोण बघतो? पण नंतर पांढरकवड्याच्या वस्तीत दर रविवारी पाचपन्नास माणसं वंदनेला बसू लागली, आणि तिथं बायकोचे, कौसल्येचे, कान होते. तिनं सहा वर्षं ऐकून घेतलं. विचारलं नाही, कारण नवरा फौजेतून आला तेव्हाच तिला कळलं होतं की ह्या माणसाच्या आत एक कुलूपबंद पेटी आहे आणि किल्ली त्याच्याजवळही नाही.

बाबाराव नागपूर रोडवरच्या एका कापसाच्या जिनिंगवर चौकीदार होता. उंच, कोरडा, कमी बोलणारा. फौजेची एकच खोड अंगात उरलेली: कुठल्याही दूरच्या वस्तूकडं बघितलं की अंतर तोंडातून निघायचं. "तो कडूलिंब एकशे चाळीस वार. ती गाय दोनशे दहा." हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले चहाला थांबत आणि मजेनं विचारत, "चौकीदारसाब, हैदराबाद कितने गज?" तो हसायचा नाही. फक्त म्हणायचा, "जे दिसते तेच सांगतो मी."

तेच तर खरं नव्हतं. जे त्याला दिसलं होतं ते त्यानं चौदा वर्षं सांगितलं नव्हतं.

भावसिंग राठोड हा पांढरकवड्यापासून दोन कोसांवरच्या बंजारा तांड्यातला. लढाईच्या दिवसांत, त्रेचाळीस साली, यवतमाळच्या भरतीत बाबाराव आणि तो एकाच दिवशी मोजपट्टीखाली उभे राहिले. गावात असते तर एकाच्या घरचं पाणी दुसऱ्यानं घेतलं नसतं. फौजेनं दोघांना एकाच मगमधून चहा प्यायला लावलं. ब्रह्मदेशातून दोघे जिवंत परतले, आणि चांदमारीत दोघांच्या गोळ्या अशा एका जागी जमल्या की त्यांना नेमबाजीच्या खास शिक्षणासाठी महूला पाठवलं.

महूला एक गढवाली उस्ताद होता. त्याला बंदुकीचा इतिहास सांगायचं वेड. तो सांगायचा, ज्या 'स्नायपर' ह्या इंग्रजी नावानं फौजेत ह्या नेमबाजाला ओळखतात ते नाव आपल्याच देशात पडलं. दोनशे वर्षांमागं साहेब लोक तळ्याकाठी पाणलावा, म्हणजे त्यांचा 'स्नाइप', मारायला जात. एवढासा पक्षी, उडतो तो सरळ नाही, नागमोडी. ज्याला पाणलावा पाडता येई त्याला साहेब लोक मानत, आणि त्या पक्ष्याच्या नावावरून शिकाऱ्याचं नाव पडलं. पुढं ते माणसं टिपणाऱ्याला चिकटलं. "चिडिया छूट गई, नाम रह गया," उस्ताद म्हणायचा.

बाबारावानं हे सगळं डोक्यात जपून ठेवलं होतं. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, गोळी कुठं जाईल ते गोळीलाच ठाऊक नसायचं. मग नळीत पिळाचे आटे पाडले, गोळी गिरकी घेत सरळ जाऊ लागली. पण अशी बंदूक भरायला वेळ लागायचा, म्हणून ती पलटणीतल्या मोजक्या माणसांना मिळे. अमेरिकेतल्या आपसातल्या लढाईत काहींनी नळीएवढी लांब दुर्बीण बंदुकीवर बांधली. तरी मोठमोठ्या सेनापतींना हे पटत नव्हतं. लपून एकेक माणूस मारणं हे त्यांना शिपायाचं काम वाटेना, चोरट्या शिकाऱ्याचं वाटे. चौदा सालच्या लढाईत जर्मनांनी हरणांच्या शिकारीच्या दुर्बिणी खंदकात आणल्या आणि समोरच्या खंदकातून डोकं वर काढण्याची सोय राहिली नाही. तेव्हा कुठं इंग्रज जागे झाले. घाईघाईत साहेबांच्या घरातल्या शिकारी बंदुका गोळा केल्या. फौजेच्या बंदुकीत काडतुसं वरून भरायची, म्हणून दुर्बीण मधोमध बसेना. ती डाव्या अंगाला बसवली. गडी डोकं वाकडं करून नेम धरायचा. लढाई संपली आणि दुर्बिणी काढून विकून टाकल्या. वीस वर्षांनी पुन्हा लढाई, पुन्हा शोधाशोध. बैल गेला आणि झोपा केला, हीच साऱ्या सरकारांची जात.

ह्या दुसऱ्या लढाईतली बंदूक मात्र उस्तादाच्या मते बंदुकांची राणी. थ्री-नॉट-थ्रीचीच, पण हजारांतून निवडलेली. कारखान्यात प्रत्येक बंदूक मारून बघायची, जिच्या गोळ्या एका जागी पडतील ती बाजूला. मग तिला गाल टेकायला दस्त्यावर लाकडाचा उंचवटा लावायचा आणि तिच्या मापाची दुर्बीण जुळवायची. दोन मोठे पेच पिळले की दुर्बीण बसते, उलटे पिळले की निघते, आणि पत्र्याच्या डब्यात जाते. एवढं होऊनही नेम हलत नाही. मात्र एकच अट.

"दूरबीन बंदूक की नहीं होती," उस्ताद दर वेळी बोट उंचावून म्हणायचा, "उसी बंदूक की होती है." दुर्बिणीचा नंबर बंदुकीच्या दस्त्याच्या मानेवर ठोकलेला. नंबर जुळला तरच बसवायची. दुसरीची दुर्बीण लावली तर ती बसते, पेच लागतात, आतून सारं स्वच्छ दिसतं, आणि गोळी भलतीकडं जाते.

भावसिंगाला नंबर वाचता येत नव्हता. चार गोऱ्या अक्षरांची त्याला भीती वाटायची, वाघाची नाही वाटायची. बाबाराव चौथी शिकलेला होता आणि फौजेत इंग्रजी आकडे शिकला होता. दोघांच्या दोन बंदुका, दोन सारखे डबे. तेव्हा रिवाजच पडला. बंदुकीवर दुर्बीण चढवण्याआधी भावसिंग विचारायचा, "दादा, नंबर पाह्य." बाबाराव पाहायचा, "तुझीच हाय," म्हणायचा. मग भावसिंग पेच पिळायचा. बाबारावाला ह्या विचारण्याचा अभिमान होता, हे कबूल केलं पाहिजे. सुभेदाराच्या पोरानं विचारलं नसतं एवढ्या आदरानं भावसिंग विचारायचा.

अठ्ठेचाळीसच्या ऑक्टोबरात काश्मीरमध्ये तीन दिवस पाऊस लागला. काचांना वाफ धरली. दुर्बिणी काढून मोर्च्यातल्या शेगडीजवळ सुकवल्या, सकाळी बाबारावानंच परत डब्यात भरल्या. ओढ्यापलीकडं समोरचाही एक नेमबाज बसला होता. दोन दिवसांत आपली दोन माणसं त्यानं पाडली होती. आज भावसिंगानं मारायचं, बाबारावानं दुसऱ्या दुर्बिणीतून पाहून सांगायचं, असं ठरलं.

"दादा, नंबर पाह्य."

बाबारावाच्या हातात चहाचा मग होता. तीन दिवसांत पहिल्यांदा बोटांना ऊब मिळाली होती. त्याला मग खाली ठेवायचा नव्हता. बस, एवढंच होतं. ह्यापेक्षा मोठं कारण शोधायला त्यानं पुढं चौदा वर्षं घालवली, पण सापडलं नाही.

"पाह्यला," तो म्हणाला. "तुझीच हाय."

पहिली गोळी सुटली आणि समोर दगडाची कपची उडाली ती हातभर डावीकडं. भावसिंगानं बाबारावाकडं वळून बघितलं. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, नुसतं नवल होतं. "दादा, म्या तं बरोबर धरलं होतं," तो म्हणाला. बोल्ट ओढून त्यानं दुसरी गोळी चढवली. ती सुटलीच नाही. समोरच्याला धूर दिसला होता.

संध्याकाळी बाबारावानं दोन्ही बंदुकांचे नंबर वाचले. मग कुणाचं लक्ष नसताना दुर्बिणी बदलून जिथल्या तिथं ठेवल्या. साहेबांनी विचारलं, कसं झालं? बाबाराव ताठ उभा राहून म्हणाला, "नेम हुकला, साहेब."

पुढल्या वर्षी रजेवर आला तेव्हा भावसिंगाची ट्रंक त्यानंच तांड्यावर नेली. तांड्याच्या नायकानं सगळ्यांसमोर विचारलं, "कसा मेला आमचा गडी?" आणि एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा फार सोपं जातं. "नेम हुकला," बाबाराव म्हणाला, "जागा उघडी पडली." नायकानं मान हलवली. बायकांमध्ये बसलेल्या सुखीबाईनं, भावसिंगाच्या बायकोनं, पदर डोळ्यांवरून काढून ह्या परक्या माणसाकडं एकदा नीट बघितलं. तिच्या मांडीवर पाच वर्षांचा मुलगा, भीमसिंग, झोपला होता.

त्या दिवशी तिनं त्याला पाणी वरूनच ओतलं. दुसऱ्या वर्षी गडवा हातात दिला. तिसऱ्या वर्षी आपल्या घरच्या पितळी ताटात भाकरी वाढली. तांडा कुरकुरला, नायकानं नाक मुरडलं. सुखीबाई म्हणाली, "माह्या मानसाचं मरन ज्यानं खांद्यावर आनलं तो माहा भिया. भियाले ताट नाही देऊ तं कोनाले देऊ?" तेव्हापासून ती त्याला 'भिया' म्हणायला लागली. बंजाऱ्यांत भावाला तसं म्हणतात. तो दिवाळीला लुगडं न्यायचा, पेरणीला बैलजोडी मागून आणायचा, छप्पर शाकारून द्यायचा. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. चोराच्या मनात चांदणं. बाबारावाला प्रत्येक 'भिया' चपराकीसारखा लागायचा आणि तरी तो ऐकायला तो दर महिन्याला दोन कोस चालत जायचा. कारण साऱ्या तालुक्यात एवढं एकच परकं घर होतं जिथं त्याला उंबऱ्याच्या आत ताट मिळत होतं.

भीमसिंग मोठा झाला. सडपातळ, बापाच्या डोळ्यांचा. एका ट्रकवर क्लीनर होता. मामा आला की त्याला एकच भूक, बंदुकीच्या गोष्टी. पाणलावा, वाकड्या डोक्याने नेम धरणारे गोरे, हजारांतून निवडलेली राणी, सारं त्याला पाठ. बाबाराव एरवी मुका, पण ह्या गोष्टी सांगताना त्याला शब्द सापडत. एकदा त्यानं उस्तादाचं वाक्य सांगितलं, की दुर्बीण त्याच बंदुकीची असते.

"मंग मामा," पोरानं विचारलं, "दुसरीची लावली तं?"

"तं नेम हुकते."

"मानूस चांगला असला तरीबी?"

बाबाराव उठला. "चालतो मी. जिनिंगवर जाचं हाय." सूर्य अजून डोक्यावर होता, आणि त्याची पाळी संध्याकाळची होती. सुखीबाई चुलीपाशी बसून बघत होती.

बासष्टच्या नोव्हेंबरात चीनची लढाई भरात आली. जिनिंगच्या ऑफिसातल्या रेडिओभोवती माणसं दाटीनं उभी राहत. बर्फात आपले शिपाई कापूस भरलेले कोटही नसताना लढतात हे ऐकून पांढरकवड्याच्या बायकांनी विणकामाच्या सुया काढल्या. पोरांनी भरतीच्या गोष्टी काढल्या. आता आपोआप गोळी चढणारी नवी बंदूक फौजेला मिळणार, असं कुणी पेपरात वाचलं होतं. बाबाराव म्हणाला, "ते झालं बाकीच्यायसाठी. नेमबाजाजवळ जुनीच राहीन. त्याले एकच गोळी लागते."

त्याच आठवड्यात तो तांड्यावर गेला होता. नायकाच्या ओट्यावर पोरं जमली होती, भरतीला कोण जातो म्हणून. भीमसिंग उठून म्हणाला, "मी जातो." नायक म्हातारा झाला होता, पण त्याच्या जिभेला गंज चढला नव्हता.

"तू?" नायक हसला. "तुह्या बापाले पहाड दिसला नाही, तुले मानूस दिसन का? बस खाली. ट्रक पुसत राह्य."

पोरं फिदीफिदी हसली. भीमसिंग खाली बसला. त्याची मान अशी खाली गेली की बाबारावाला त्याची फक्त पाठ दिसत राहिली. अठरा वर्षांचा तरणाबांड गडी, आणि पाठ म्हाताऱ्याची. दोनच हातांवर बाबाराव उभा होता. त्याच्या तोंडात मिठाची गुळणी.

घरी येऊन तो जेवला नाही. कौसल्या भाकरी झाकून समोर येऊन बसली. बाजूला पाच वर्षांची सत्यशीला चिंचोके खेळत होती. पोरीचं नाव बापानंच ठेवलं होतं.

"सहा वर्ष झाले ऐकून राह्यली मी," कौसल्या म्हणाली. "चवथ्या शीलाले तुमचा आवाज कुठं जाते?"

आणि बाबारावानं पेटी उघडली. शेगडी, डबे, चहाचा मग, हातभर डावीकडं उडालेली कपची, सगळं. सांगताना तो रडला नाही. सांगून झाल्यावर मात्र त्याला हुंदका आवरेना. कौसल्येनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"उद्या जाऊन सांगतो तिले," तो शेवटी म्हणाला. "पोट्ट्याचं तोंड पाह्यवत नाही मले. त्याच्या बापाचा नेम चुकला नव्हता, हे त्याले समजलं पाह्यजे."

"सांगू नका."

"काहून?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हून. चवदा वर्ष झाले. ते मानूस काही परत येत नाही. तुमची छाती हलकी व्हाव म्हून तुमी त्या बाईच्या चुलीत पानी कायले ओतता?"

"माह्या छातीचं नाही म्हनत मी. पोट्ट्याचं म्हनतो. वर मान करून चालन तो."

"अन् मान वर करून जाईन कुठं?" कौसल्येनं विचारलं. बाबारावाला हा प्रश्न बायकी वाटला. त्यानं त्याचं उत्तर दिलं नाही, आणि खरं म्हणजे त्यानं तो नीट ऐकलाही नाही. अंतराचा एवढा पक्का माणूस, पण पोराच्या त्या वर केलेल्या मानेपलीकडं काय आहे हे त्याला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तांड्यावर पोचला. सुखीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. भीमसिंग ट्रकवर पाळी नव्हती म्हणून खाटेवर पडला होता. बाबाराव खाटेवर बसला नाही. जमिनीवर, तिच्या समोर बसला.

"बाई, तुमच्या मानसाचा नेम हुकला नव्हता," तो म्हणाला. "मी हुकलो."

आणि त्यानं सांगितलं. ह्या वेळी शब्द मोजून, साहेबाला खबर द्यावी तसं. नंबर कोण वाचायचं, त्या सकाळी कुणी वाचला नाही, दुर्बीण कुणाची कुणाच्या बंदुकीवर गेली. 'म्या तं बरोबर धरलं होतं,' हे भावसिंगाचे शेवटचे शब्दही सांगितले. मग संध्याकाळी आपण काय बदललं, साहेबाला काय सांगितलं, नायकाला काय सांगितलं. काही वगळलं नाही.

सुखीबाईचे हात शेंगांवर थांबले होते. ती बाबारावाकडं बघत नव्हती, पोराकडं बघत होती. त्या बघण्यात नवऱ्याचं दुःख नव्हतं. भीती होती. बाबारावाला वाटलं ती संतापानं अशी दिसते आहे. त्यानं मान खाली घातली आणि शिव्यांची वाट बघू लागला.

शिव्या आल्या नाहीत. भीमसिंग खाटेवरून उठला. तो येऊन बाबारावाची गचांडी धरणार, असं बाबारावाला येताना वाटलं होतं. धरली असती तर त्यानं हात उचलला नसता. पण पोरानं विचारलं ते वेगळंच.

"मामा, मंग बापाचा नेम बरोबर होता?"

"बरोबर होता."

"एकदम?"

"माह्याहून चांगला होता रे."

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो हसला. बाबारावानं ह्या पोराला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. त्यानं बाबारावाच्या पायांना हात लावला, ह्या माणसाच्या, ज्याच्या आळसापायी त्याचा बाप गेला. मग तडक नायकाच्या ओट्याकडं चालू लागला. पाठ ताठ, मान वर. बाबारावाला जे बघायचं होतं नेमकं तेच त्याला दिसत होतं, आणि एक घटकाभर, चौदा वर्षांत पहिल्यांदा, त्याला बरं वाटलं.

"घरी जाय, भिया," सुखीबाई म्हणाली. शेंगांची टोपली तशीच टाकून ती आत गेली.

चौथ्या दिवशी भीमसिंग यवतमाळच्या भरतीत उभा राहिला. छाती भरली, डोळे उत्तम निघाले. कागद घेऊन परत आला तो गाणं म्हणत. आठ दिवसांनी निघायचं ठरलं. बाबारावाला ही बातमी जिनिंगवर एका ट्रकवाल्यानं दिली. कौसल्येचा प्रश्न त्याला तेव्हा ऐकू आला. घरी जाऊन तो तिच्यापुढं नुसता उभा राहिला. ती म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. तिनं त्याच्या पुढ्यात पाणी ठेवलं.

निघायच्या दिवशी तो मोटार स्टँडवर गेला. सारा तांडा लोटला होता. नायकानं स्वतः पोराला गुलाल लावला आणि मोठ्यानं म्हणाला, "भावसिंगाचं रक्त हाय ते! त्याच्यासारखा नेम उभ्या पलटणीत नव्हता." दोन आठवड्यांत म्हाताऱ्यानं जीभ अशी फिरवली. भीमसिंग गर्दीतून वाट काढत बाबारावाकडं आला.

"मामा, तुमी सांगतलं नसतं तं मी जल्मभर ट्रकच पुसत राह्यलो असतो," तो म्हणाला. "मी दुर्बीनवालीच बंदूक मागून घेईन. पाह्यजा तुमी."

"साधी घे बाप्पा," बाबाराव म्हणाला. "साधी बरी असते." त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. मोटारीचा भोंगा वाजत होता. भीमसिंगानं "याडी!" अशी हाक मारून आईच्या गळ्यात मिठी घातली आणि चढला. मोटार नागपूर रोडला लागली. माणसं पांगली.

सुखीबाई खांबापाशी एकटी उभी होती. बाबाराव जवळ गेला. काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणाला, "बाई, म्या वाईट केलं. पन मले वाटलं पोट्ट्याची मान वर होईन."

"झाली ना वर."

ती रस्त्याकडंच बघत बोलत राहिली.

"माह्या मानसाचा नेम मले नव्हता ठाऊक? उडता तितर पाडे तो. तू पह्यल्या दिवशी नायकाले सांगतलं, नेम हुकला, तवाच मले समजलं का हा मानूस काही लपवून राह्यला. काय लपवते ते नव्हतं समजलं. पन म्या विचारलं नाही. म्या तांड्याले हासू देलं. पोट्टं लहान असतानी बंदूक बंदूक करे. म्या त्याले सांगो, तुह्या बापाचा हात कापे, तुहाबी कापते, तुह्यानं ते काम होत नाही. चवदा वर्ष त्या एका खोट्याच्या दाव्यानं म्या त्याले खुट्याले बांधून ठेवलं, भिया. तुह्याच खोट्याच्या. त्याची मान खाली होती. पन धडावर होती."

सत्याला मरण नाही म्हणतात. नसेलही. सत्य मरत नाही, त्याच्या वाटेवरची माणसं मरतात, आणि म्हण करणाऱ्यांना त्याची खबर नसते. ह्या बाईनं त्याच्या खोट्याला इतकी वर्षं ओळखून घरात ठेवलं होतं, त्याला ताट वाढलं होतं, भाऊ म्हटलं होतं. आणि तो समजत होता की आपण तिला फसवतो आहोत.

"मी जातो यवतमाळले," तो म्हणाला. "साहेबाले भेटतो. एकुलता एक हाय म्हून सांगतो. आनतो त्याले परत."

"काय सांगशील? खरं का खोटं?"

बाबाराव मोटार गेलेल्या रस्त्याकडं बघू लागला.

"तवा नंबर पाह्यला असता तं माहा मानूस राह्यला असता," सुखीबाई म्हणाली. "अन् आता तोंड बंद ठेवलं असतं तं पोट्टं राह्यलं असतं. दोन्ही टाइमाले तुले तुह्याच जिवाचं सुख दिसलं. मी नाही दिसली."

ती रागावून बोलत नव्हती. रागावली असती तर बाबारावाला सोसलं असतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि तांड्याच्या वाटेला लागली. तोही सवयीनं मागोमाग दोन पावलं निघाला. ती थांबली, पण वळली नाही.

"आता येत नको जाऊ, भिया."

बाबाराव स्टँडवर उभा राहिला. ती वळणाआड होईपर्यंत तो बघत होता. मागून चहावाल्यानं विचारलं, चौकीदारसाब, चहा देऊ का, आणि त्यानं नको म्हणून मान हलवली.